अण्णांचं रक्त म्हणजे शून्य

"डोळे मिटू नकोस. उघडे ठेव, पण काही बघू नकोस," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दारावरचा काळा पडदा ओढून घेतला.

बाहेर भर दुपार होती. ओपीडीच्या ओट्यावर गावोगावचे लोक फडक्यातल्या भाकऱ्या सोडून बसले होते, आणि आत मला माझा स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता. या खोलीत पूर्वी एक्स-रेच्या फिल्मा धुवायचे. खिडकी विटांनी बुजवलेली, भिंतींना काळा रंग. दहा मिनिटं अंधारात नुसतं बसायचं आणि मगच मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, हा अण्णांचा नियम होता. बोलायला बंदी नव्हती, पण तिथे बोलावंसं वाटत नसे. आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या मार्चमधली. मिरजेच्या बाजूला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून लागून मला चार महिने झाले होते. पुण्याहून डिप्लोमा केला होता, तोही पहिल्या वर्गात, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते. जिन्नाप्पा चौगुले, म्हणजे आमचे अण्णा, तिथे सव्वीस वर्षं होते. मॅट्रिकनंतर बाटल्या धुवायला म्हणून लागले आणि हळूहळू सगळी लॅब त्यांच्या हाताखाली आली. डिप्लोमा नाही, इंग्रजी जेमतेम, पण डॉक्टर लोक सहीच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. मला ते खुपायचं, खोटं कशाला बोलू.

त्या काळ्या खोलीत आम्ही जी तपासणी करायचो तिचं वर्णन मी एकदा घरी जेवताना केलं तेव्हा आई ताटावरून उठली होती. उंदराच्या जठराचे आणि यकृताचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर चिकटवायचे. त्यावर पेशंटच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, थेंबभर सोडायचं. जंतूंशी लढायला रक्तात अँटिबॉडी असतात. काही माणसांच्या रक्तात मात्र स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या अँटिबॉडी तयार होतात. त्या उंदराच्या कापालाही आपलंच शरीर समजून धरतात. मग वरून एक रंग सोडायचा. तो फक्त त्या चिकटलेल्या अँटिबॉडींवर बसतो आणि खास दिव्याखाली हिरवा पेटतो. रक्त साधं असेल तर काचेवर काळोखच राहतो. उलटलेलं असेल तर त्या काळोखात हिरव्या रेघा आणि हिरवी वर्तुळं उमटतात.

अण्णा जैन. उंदराच्या दिवशी ते सकाळपासून रक्तपेढीत जाऊन बसायचे आणि ते काम माझ्या गळ्यात पडायचं. बाकी सगळं त्यांच्या हातचं.

अशा प्रत्येक काचेवर पहिलं घर निरोगी माणसाचं असतं, म्हणजे इतरांशी ताडून बघता येतं. बाहेर ते सीरम विकत मिळायचं. आमच्याकडे ते अण्णांचं असायचं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते बाही वर सारून हात पुढे करायचे, मी रक्त काढायचे, आणि त्याच्या कुप्या भरून त्यावर 'एन' लिहायचे. एन म्हणजे नॉर्मल. पहिल्या दिवशी मी हसले तर म्हणाले, "हसतीस कशाला? सुपारीचं व्यसन न्हाई, की कधी चार दिवस अंथरुणावर न्हाई. माझं रक्त म्हणजे शून्य." वीस वर्षं त्या भागातल्या माणसांचं रक्त चांगलं की वाईट ते अण्णांच्या रक्तावरून ठरत होतं. दर जानेवारीची एक कुपी ते डीप फ्रीझरमध्ये वेगळी ठेवून द्यायचे, वर साल घालून. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. टाकवत नाही म्हणून ठेवायचे.

त्यातून त्यांचा गट ओ निगेटिव्ह, कुणालाही चालणारा आणि सहसा न सापडणारा. मार्च, जुलै, नोव्हेंबर, वर्षातून तीनदा ते रक्तपेढीत एक बाटली देऊन यायचे. कॅलेंडरवर खूण करायची गरज पडत नसे.

त्या शुक्रवारी दहा मिनिटं संपली आणि मी डोळा लावला.

"अण्णा, एन दिसतोय."

"किती?"

"बारीक. रक्तवाहिन्यांच्या कडा हिरव्या आहेत."

"तेवढं शून्य धरायचं. एनपेक्षा जास्त दिसलं तर लिही."

हे मला नवीन नव्हतं. चार महिने मी एनमध्ये ती फिकट वर्तुळं बघत होते आणि चार महिने ती शून्य धरत होते. पण त्या दिवशी मी काच सरकवून एकशे सतरा नंबरच्या घरावर आले आणि तिथेच अडकले. तीच वर्तुळं. तेवढीच हिरवी, तशीच बारीक. मला वाटलं काच सरकलीच नाही. मी परत एनवर गेले, परत एकशे सतरावर आले. एकाच माणसाचं रक्त दोन घरांत पडावं असं ते दिसत होतं.

अण्णांनी स्वतः बघितलं. "एनएवढंच हाय. निगेटिव्ह," म्हणाले.

आमच्या लॅबमध्ये नमुने नुसत्या नंबरावर चालायचे. फॉर्म माझ्याकडे, काचा अण्णांकडे, म्हणजे ओळखीपाळखीचा परिणाम नको. एकशे सतरा कोण हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. ती वैजयंता सुतार. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर होती. वय अठ्ठावीस, गावात शिवणाचा क्लास चालवायची, घरी पाच वर्षांची मुलगी. वर्षभर काविळीसारखं चाललेलं, डोळे हळदीसारखे, अंगाला खाज इतकी की हातावर नखांचे ओरखडे. आदल्या दिवशी मी तिचं रक्त काढत असताना तिने विचारलं होतं, "आक्का, माझं अंगच मला खातंय म्हणत्यात. असं आसतंय व्हय?"

मी पुस्तकी काहीतरी सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग ते झोपल्यावर खातंय का जागेपणी?" मी सुई काढून कापूस दाबला.

तिच्या डॉक्टर रेगे मॅडम स्वतः फॉर्म घेऊन लॅबमध्ये आल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं होतं की सगळं या एका रिपोर्टवर आहे. तिचं शरीरच यकृतावर उलटलं असेल तर स्टेरॉइड द्यायचं, त्याने ती उठून बसेल. पण आत एखादा विषाणू लपला असेल तर तेच स्टेरॉइड शरीराची राखण झोपवून टाकील आणि विषाणूला रान मोकळं मिळेल. बी काविळीची तपासणी साफ आली होती. सी काविळीची आमच्याकडे सोय नव्हती, नमुना मुंबईला जायचा आणि उत्तर यायला पंधरा-वीस दिवस लागायचे. तेवढे दिवस ती काढेल असं मॅडमना वाटत नव्हतं.

आणि अण्णांनी निगेटिव्ह म्हटलं होतं, केवळ त्यांच्या स्वतःच्या कुपीतही तसंच दिसत होतं म्हणून. मला रात्रभर चीड येत राहिली. कुपी खराब झाली असणार, जुनी असणार, नीट गोठवली नसणार, आणि हा माणूस ते शून्य धरून बसलाय. एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे आणि यांना आपल्या रक्ताचा केवढा अभिमान.

शनिवारी अण्णांची अर्धी रजा असायची. ते गेल्यावर मी माझ्याच दंडाला रबर बांधलं आणि डाव्या हाताने धडपडत स्वतःचं रक्त काढलं. नवीन काच घेतली. पहिल्या घरात मी, दुसऱ्यात एन, तिसऱ्यात एकशे सतरा. पडदा ओढून दहा मिनिटं एकटी बसले. दिव्याची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. अंधारात डोळ्यांपुढे हिरवे ठिपके तरंगायला लागले तशी मला उगाचच भीती वाटली की माझंही रक्त पेटलेलं दिसलं तर.

माझ्या घरात ठार काळोख होता. काप कुठे आहे तेही कळेना. त्याच्या शेजारी एन, आणि एनच्या शेजारी वैजयंता, दोघंही तशीच हिरवी.

म्हणजे खरं शून्य हे होतं. वैजयंता पॉझिटिव्ह होती. मी कालचा रिपोर्ट फाडला, नवा लिहिला, त्यावर अण्णांच्या जागी माझी सही केली आणि तो नेऊन रेगे मॅडमच्या हातात दिला. अण्णांची कुपी खराब निघाली, मी पुन्हा तपासलं, असंही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं तुझ्या लक्षात आलं." संध्याकाळी वैजयंताला पहिली गोळी दिली. मी वॉर्डातून मुद्दाम चक्कर मारून आले. इतकी शेफारले होते की रविवारी घरी आईलाही सांगून झालं.

सोमवारी अण्णांना ते कळलं. ते रागावतील म्हणून मी भाषण तयार ठेवलं होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "तुझं काळं आलं?"

"ठार काळं. अण्णा, तुमची कुपी खराब आहे."

"आसंल. ताजं काढ."

त्यांनी बाही वर सारली. मी रक्त काढलं, फिरवून सीरम वेगळं केलं, काच तयार केली. दोन-अडीच तास त्यात गेले. मग आम्ही पडद्याआड गेलो. दहा मिनिटं झाली आणि त्यांनी डोळा लावला. मायक्रोस्कोपमधून निसटलेला हिरवट उजेड त्यांच्या गालावर पडला होता आणि बाकीचा चेहरा नव्हताच. ते एका घरावरून दुसऱ्यावर जात होते, परत येत होते. किती वेळ, मला सांगता येणार नाही.

"ताजं पण तसंच हाय," शेवटी ते म्हणाले.

मला तोवर सुचलंच नव्हतं की कुपी खराब नसेल तर रक्तच तसं असणार. ते आता सुचलं. शेजारी बसलेल्या, धडधाकट, रोज आठ मैल सायकल मारणाऱ्या माणसाच्या आत ते चाललं होतं.

"एकशे सतरा बाई हाय का बाप्या?" अण्णांनी विचारलं.

"बाई."

"ग्रुप काय?"

मी अंधारात आठवलं. "ओ निगेटिव्ह."

ते पुन्हा डोळा लावून बसले. दिवा घरघरत होता. मग त्यांनी, मला पहिल्यांदाच, नमुन्याचं नाव विचारलं.

"वैजयंता सुतार."

"माहेरची लोहार. सलगऱ्याची," अण्णा म्हणाले. "ब्याण्णव साली, मार्चात बाळंतपणाला आलती. रक्त थांबंना. फ्रीजमधी ओ निगेटिव्हची एकच बाटली व्हती. माझी."

मला अजूनही कळत नव्हतं. मी म्हटलं, मग काय झालं, तुम्ही तिचा जीव वाचवलात.

"पोरी, डोस्कं चालव. शरीर आपल्यावर उलटणं हे एकाकडनं दुसऱ्याकडं जात न्हाई. माझ्यातनं तिच्यात गेलंय म्हणजे ते जितं काहीतरी हाय. ही हिरवी चमक त्याच्या मागनं आलीया." ते उठताना स्टूल पडलं. "गोळ्या कवा चालू केल्या?"

"शनिवारी संध्याकाळी."

त्यांनी पडदा फाडल्यासारखा बाजूला केला आणि तो सव्वीस वर्षं नोकरी झालेला वडीलधारा माणूस ओपीडीच्या गर्दीतून पळत सुटला. मी मागे. बाहेरच्या उन्हाने मला काही दिसत नव्हतं, लोकांना धक्के देत मी धावत होते आणि एकच गोष्ट डोक्यात होती, की सही माझी आहे.

दुपारच्या गोळ्या नर्सच्या ट्रेमध्ये होत्या. अण्णांनी ट्रेवर हात ठेवला. मग रेगे मॅडमच्या खोलीत जाऊन, उभ्यानेच, सगळं सांगितलं. आपण दाता, आपणच त्या बाटलीची जुळणी करणारा. मॅडमनी रक्तपेढीचं जुनं रजिस्टर मागवलं. ब्याण्णव मार्च, एकाच ओळीत दोनदा जि. चौगुले, एकदा देणाऱ्याच्या रकान्यात आणि एकदा तपासणाऱ्याच्या. त्या काळी रक्ताच्या बाटलीची बी काविळीसाठी, एड्ससाठी तपासणी व्हायची. सी विषाणूच्या तपासणीची सक्ती अजून आली नव्हती. तो वीस-वीस वर्षं आत गुपचूप राहू शकतो, आणि त्याच्याशी लढता लढता रक्त कधी कधी स्वतःवरही उलटतं, थोडंसं, असं आमच्या काचेवर दिसण्याइतकं. हे सगळं मॅडमनी तेव्हा आम्हाला सांगितलं. गोळ्या त्यांनी त्याच क्षणी बंद केल्या. मला त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोघांचे नमुने मुंबईला गेले. दुसऱ्या दिवशी अण्णा डीप फ्रीझरसमोर उकिडवे बसलेले दिसले. बर्फ खरवडून ते कुप्या काढत होते. ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, अशा सत्त्याण्णवपर्यंत.

"कवापास्नं ते बघूया," म्हणाले.

तो दिवस मी विसरणार नाही. अठरा कुप्या, अठरा घरं. काळ्या खोलीत मी बघत होते आणि अण्णा अंधारातून साल सांगत होते. ऐंशी, काळोख. एक्क्याऐंशी, काळोख. तरणेताठे अण्णा एकामागून एक माझ्या डोळ्याखालून जात होते आणि सगळे कोरे. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. मी मनात म्हणत होते की असंच जाऊ दे.

"शहाऐंशी," अण्णा म्हणाले.

त्या घरात अंधारातून कुणी हळूच दिवा पुढे करावा तशी ती वर्तुळं होती. अगदी फिकट, पण होती. सत्त्याऐंशीत होती. त्यानंतर सगळीकडे होती.

मी सांगितलं. अण्णांनी अंधारात माझा हात शोधला आणि आपल्या अंगठ्यावर ठेवला. तिथे जुना, गाठीसारखा वण होता. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात फिरत्या मशीनमध्ये रक्ताची नळी फुटली होती, काच अंगठ्यात गेली होती. कुणाचं रक्त होतं तेही त्यांना आठवत होतं. तो माणूस त्याच महिन्यात काविळीने गेला. अण्णांनी आयोडीन लावलं, चिंधी बांधली आणि पुढची नळी लावली.

"गेली बारा वर्सं मी स्वतःला शून्य धरत व्हतो," एवढंच ते म्हणाले.

सतरा दिवसांनी मुंबईचं उत्तर आलं. दोघांतही सी विषाणू. वैजयंता तोवर तगली होती. गोळ्या चालू राहिल्या असत्या तर तगली नसती, असं मॅडम म्हणाल्या. पुढे तिला विषाणूवरची इंजेक्शनं मिळाली, त्यात दोन वर्षं गेली आणि ती बरी झाली. पण तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा एवढंच होतं की आजाराचं नाव कळलं आणि मॅडमनी अण्णांना बजावलं की ते कुणाकडून आलं हे तिला सांगायचं नाही. सांगून तिचा आजार कमी होणार नाही, आणि हॉस्पिटलचं नाव जाईल ते वेगळंच.

अण्णांनी मान हलवली. मॅडमच्या खोलीतून बाहेर पडले आणि सरळ बायकांच्या वॉर्डात गेले. मीही गेले, कारण मलाही सांगायचं होतं.

वैजयंता उशीला टेकून बसली होती. त्यांना बघून तिने पदर सावरला. बाळंतपणात रक्त देणारे ते हेच, हे तिला ठाऊक होतं. त्यांच्यामुळं पोरीला आई मिळाली, असं ती कौतुकाने शेजारणीला सांगायला लागली. अण्णा तिच्या कॉटपाशी उभे राहून ऐकत होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग त्यांनी हात जोडले आणि सांगितलं. आडवळण नाही, डॉक्टरी शब्द नाहीत. तुझ्या अंगात जे तुला खातंय ते माझ्या रक्तातनं आलं, मला ठाऊक नव्हतं, पण आलं माझ्यातनंच. त्यांच्यामागून मी सांगितलं की चुकीच्या गोळ्या माझ्या रिपोर्टमुळे गेल्या. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती अण्णांच्या हातांकडे बघत होती.

शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली होती.

"त्या दिशी तुमची बाटली नसती," वैजयंता म्हणाली, "तर दुसरी व्हती का?"

"नव्हती."

"मग माझं राहू द्या. पोरीला पाच वर्सं तर बघितली." तिने हातावरचा ओरखडा खाजवला. "पर तुम्ही तर वरसाला तीनदा देता म्हणत्यात. बाकीची कुठं हायती? त्यास्नी ठावं हाय का?"

अण्णांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग हितं हात जोडून काय करतायसा?" ती म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

आम्ही लॅबमध्ये परत आलो. मी रक्तपेढीतून रजिस्टरं आणते म्हणून निघाले तर अण्णांनी मला बसायला सांगितलं. "कागद घे," म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. पंच्याऐंशी, मार्च. आरगचा बाळू कांबळे, रस्त्यावर ट्रकने उडवलेला. जुलै, म्हैसाळची गंगूबाई, पोटातल्या गाठीचं ऑपरेशन. नोव्हेंबर, बेडगच्या मास्तरांचा मुलगा, चार वर्षांचा. नाव, गाव, कशासाठी. ते एकदाही अडखळले नाहीत. मी खाली मान घालून लिहीत होते. ती नावं त्यांनी बारा वर्षं एखाद्या बक्षिसासारखी जपून ठेवली होती हे मला लिहिता लिहिता कळत गेलं आणि माझं अक्षर वाकडं यायला लागलं.

शहाण्णवचा नोव्हेंबर सांगून ते थांबले. या मार्चची बाटली अजून दिली नव्हती. मी नावं मोजली. पस्तीस भरली. वर्षाला तीन, बारा वर्षं, छत्तीस हवी होती. मी वरून बोट फिरवत आले.

"अण्णा, एक्क्याण्णवचा नोव्हेंबर राहिला."

ते अंगठ्यावरचा वण चोळत होते. मला वाटलं त्या खेपेला बाटली दिली नसेल, म्हणून मी तसं विचारलं.

"दिलती," अण्णा म्हणाले. "लिही. पद्मा मगदूम, जयसिंगपूर. पैलं बाळंतपण."

"वय?" मी सवयीने विचारलं.

"तवा एकोणीस. माझी थोरली."

मी पेन खाली ठेवलं. मग मी म्हटलं, आधी जयसिंगपूरला जाऊ, आत्ताच जाऊ, एसटी दोनला आहे.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "नंबरानं जायचं. तिच्या आधीच्यास्नी पण बाप हायत."

मी यादीला वरून नंबर घातले. पद्माचा एकविसावा आला.